पावणेदोन हात तार

सणसरच्या पुढच्या ज्या गावांत हे भाषण हवेतून पोचणार नाही, मासिकाच्या पानावरूनच पोचेल, तिथल्या सगळ्या ताई-मावशींना नमस्कार.

आज अँटेनाबद्दल बोलायचंय. बचत गटाच्या समन्वयकांनी बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे यांवर बोलावं, हे मध्येच अँटेनाचं काय काढलं, असं काहीजणींना वाटेल. तर त्याचं कारण आधी सांगतो. लासुर्ण्याच्या बाजूच्या एका गटातल्या ताईंनी शेळीपालनावर रेडिओसाठी बोलणं रेकॉर्ड केलं. गाभण शेळीची काळजी, करडांचं वजन, लसीकरणाचा महिना, बाजारात दलालाशी कसं बोलायचं, सगळं अगदी पोटतिडकीनं सांगितलं. बारामतीतल्या बायकांनी ऐकलं आणि फोन करून कौतुक केलं. ताईंच्या स्वतःच्या घरी मात्र सासूबाई, दीर, जावा रेडिओभोवती बसल्या होत्या आणि रेडिओतून नुसती खरखर येत होती. सासूबाई म्हणाल्या, "बोललीस म्हणतीस, पण आम्हाला काय ऐकू आलं न्हाई." बोलणाऱ्या बाईला हे किती लागतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरातून बाहेर पडून माइकपुढे बसायला तिला तीन महिने लागले होते. त्या तीन महिन्यांचा हिशेब त्या खरखरीत बुडाला.

म्हणून आम्ही चौघी समन्वयक या विषयात पडलो. शाळेत भौतिकशास्त्र वर्गातल्या मुलांसाठी असतं आणि आपण नुसतं पाठ करायचं, अशा काळात आम्ही शिकलो. तरी हे कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

आधी, आवाज का पोचत नाही ते बघू. आपल्या भागात दोन सामुदायिक रेडिओ आहेत. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. सामुदायिक रेडिओला सरकारनं ताकदीची मर्यादा घातलेली आहे. २००६ च्या धोरणाप्रमाणे प्रक्षेपणाची ताकद १०० वॅटपर्यंत, अगदी विशेष बाब म्हणून २५० वॅटपर्यंत. अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. १०० वॅट म्हणजे पूर्वी आपल्या ओट्यावर जो पिवळा बल्ब लावायचो, तेवढंच. त्या एका बल्बच्या ताकदीवर अख्ख्या परिसराला बातमी, भजन आणि खताचं वेळापत्रक पोचवायचं. यात रेडिओवाल्यांचा दोष काही नाही. नियमच तसा आहे आणि त्याला कारणही आहे. ताकद कमी ठेवली की तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या तालुक्याला देता येते. माण तालुक्यात म्हसवडला बायकांसाठी चालणारी माणदेशी तरंग वाहिनीसुद्धा ९०.४ वरच आहे. दोन्ही केंद्रांच्या मधल्या एखाद्या उंच माळावर उभं राहिलं, तर ज्याची लहर जोरात त्याचाच आवाज रेडिओ धरतो आणि दुसऱ्याला गिळून टाकतो. एफएमचा तो स्वभावच आहे.

दुसरी गोष्ट पृथ्वीच्या गोलाईची. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. ३० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर असतं. त्यापुढची जमीन गोलाईमुळे खाली वाकलेली. आपण ओट्यावर बसलोय, रेडिओ कंबरेएवढ्या उंचीवर, म्हणजे आपलं स्वतःचं क्षितिज जेमतेम चार किलोमीटर. तोच अँटेना वीस फूट वर नेला की आपलं क्षितिज नऊ किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे रेडिओ केंद्रानं काही न करता, आपण एक बांबू उभा केला, तर चार-पाच किलोमीटर आपल्या पदरात पडतात. मधे ऊस उंच वाढलेला असतो, झाडी असते, साखर कारखान्याची मोठाली शेड असते, ते सगळं वेगळं.

बारामती ते इंदापूर हा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आमच्या रोजच्या फिरण्याचा. पिंपळी, काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी. आषाढात ज्या रस्त्यानं तुकोबारायांची पालखी जाते, तोच. आमच्याकडे दोन गाड्या आहेत, एक स्कूटी आणि एक शंभर सीसीची मोटारसायकल. मोटारसायकल आमच्यातली एक ताई चालवते. पहिले सहा महिने लोक मागं वळून बघायचे, आता बघत नाहीत. गटाच्या बैठकीला जाताना गाडीवर रेडिओ न्यायचा, बैठक संपल्यावर अर्धा तास सगळ्याजणींनी मिळून ऐकायचं आणि ऐकलेल्यावर बोलायचं, असा आमचा शिरस्ता. सुरुवातीला बाजारातला साधा हातातला रेडिओ पिशवीत टाकून न्यायचो. काटेवाडीपर्यंत छान. भवानीनगर ओलांडलं की आवाज विरायला लागायचा. लासुर्ण्याला तर एका मावशींनी अँटेनाची दांडी हातात धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. मावशी म्हणाल्या, "मी अर्धा तास असंच धरून बसू का?" खरं म्हणजे तेव्हा मावशी स्वतःच अँटेना झाल्या होत्या. माणसाचं शरीर लहर पकडतं, म्हणून हात लावला की फरक पडतो.

अँटेना काय करतो ते नागपंचमीच्या झोक्यावरून सांगते. लांब दोराचा झोका सावकाश जातो, आखूड दोराचा भरभर. झोक्याची स्वतःची एक लय असते, त्या लयीत कुणी हात लावला तर हलक्या हातानंही तो उंच जातो. अँटेनाची तार हा झोका आणि हवेतली लहर हा ढकलणारा हात. तारेची लांबी लहरीच्या लांबीशी जुळली की थोड्या लहरीतही तार भरपूर 'झुलते' आणि रेडिओला मजबूत संकेत देते. लहरीची लांबी काढायचं गणित सोपं आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागायचं. ३०० भागिले ९०.४ म्हणजे ३.३२ मीटर. तिचा चौथा भाग ८३ सेंटिमीटर. तारेत लहर थोडी हळू चालते, म्हणून पाच टक्के कमी करायचं, की येतात ७९ सेंटिमीटर. ९०.८ साठीही जवळजवळ तेच. आपल्या मापानं पावणेदोन हात. तेवढ्या लांबीची तार आपल्या दोन्ही वाहिन्यांना लागू पडते. बाजारातल्या छोट्या रेडिओची दांडी पुष्कळदा याच्या निम्मीच असते. त्यातून आम्ही ती कधी पूर्ण बाहेर ओढतच नाही, मोडेल म्हणून.

इंदापूरच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या दादांनी आम्हाला परदेशातल्या मोटारसायकलींचं सांगितलं, ते इथं सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सामान्य लोकांना एकमेकांशी बोलण्यासाठी रेडिओ खुला केला. त्याला सीबी म्हणतात, सिटिझन्स बँड. १९७३ च्या तेलटंचाईत ट्रकवाले त्यावर एकमेकांना सांगायचे, कुठल्या पंपावर डिझेल आहे, पुढं पोलीस कुठं उभे आहेत. १९७७ पासून त्याला ४० चॅनेल झाले. ताकद फक्त ४ वॅट. होंडाची गोल्डविंग म्हणून एक लांब पल्ल्याची भली मोठी मोटारसायकल आहे, तिच्यावर नवरा-बायको हजारो मैल फिरतात. गाड्यांचा ताफा असतो, आणि पुढची गाडी मागच्या गाडीला सीबीवरून सांगते, खड्डा आहे, ट्रक येतोय. त्या गाडीच्या मागं दोन दांड्या दिसतात, त्यातली एक बहुधा सीबीची.

आता झोक्याचं गणित लावा. ३०० भागिले २७ म्हणजे ११ मीटर. चौथा भाग पावणेतीन मीटर. माणसापेक्षा उंच दांडी मोटारसायकलवर कशी लावणार? पुलाखालून जाताना तीच आधी अडकायची. म्हणून दांडी आखूड ठेवतात आणि कमी पडलेली लांबी तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत भरून काढतात. गुंडाळीनं लय जुळते, पण आखूड दांडीची लहर फेकायची आणि पकडायची ताकद कमीच राहते. म्हणून हौशी लोक मूळ दांडी काढून जरा लांब, चांगल्या गुंडाळीची दांडी बसवतात. अँटेना सुधारणं म्हणतात ते हेच.

दुसरी अडचण आम्हाला जास्त जवळची वाटली. दांडी हा अँटेनाचा अर्धाच भाग असतो. दुसरा अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा धातू. जातं फिरायला खालची तळी लागते, तसं. चारचाकी गाडीचा पत्र्याचा टप ही तळी आयती देतो. मोटारसायकलला टप नाही. तिचा सांगाडा लोखंडी असतो, पण जागोजागी रंग, रबर आणि प्लॅस्टिक मधे येतं. मग ते लोक दांडीच्या बुडापासून सांगाड्यापर्यंत जाड तार नीट कसतात, किंवा ज्याला तळी कमी लागते असा खास अँटेना घेतात. शिवाय बोलणाऱ्या रेडिओला एक मीटर जोडून बघतात, की पाठवलेल्या लहरीतली किती बाहेर गेली आणि किती उलटून परत आली. त्या मीटरचा आकडा दीडपर्यंत असला तर उत्तम, तीनच्या वर गेला तर रेडिओच जळू शकतो. पहिल्या चॅनेलपेक्षा चाळिसाव्या चॅनेलवर आकडा जास्त आला तर दांडी लांब आहे, थोडी कमी करायची. उलटं असेल तर वाढवायची. शिंप्यानं उंची बघून परकर शिवावा, तसं हे काम आहे.

आम्हाला बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं. ऐकणाऱ्या रेडिओत जळण्याची भीती नाही आणि मीटरही लागत नाही. पण लांबी, तळी आणि उंची या तीन गोष्टी तिथंही तशाच लागू होतात. मग आम्ही आमची मोटारसायकल सुधारायला घेतली.

हातातला रेडिओ बाजूला ठेवून जुन्या गाडीतून निघालेला कार स्टिरिओ घेतला. तो बारा व्होल्टवर चालतो, मोटारसायकलची बॅटरीही बारा व्होल्टची, आणि लांबचं स्टेशन पकडण्यात तो पिशवीतल्या रेडिओपेक्षा पुष्कळ बरा. डिक्कीच्या डब्यात स्टिरिओ आणि दोन स्पीकर बसले. पाठीमागच्या कॅरिअरवर ७९ सेंटिमीटरची दांडी उभी केली. अँटेनाची केबल आतून दोन पदरी असते, मधे तांब्याची एक तार आणि बाहेरून जाळी. मधली तार दांडीला, जाळी गाडीच्या लोखंडाला. जिथं जाळी कसायची तिथला रंग कानसीनं घासून लोखंड उघडं केलं आणि वरून ग्रीस लावलं, नाहीतर पहिल्या पावसातच गंज चढतो. मधली तार आणि जाळी एकमेकींना कुठंही चिकटता कामा नयेत. चिकटल्या की लांबी, उंची सगळं असून आवाज शून्य. जोडाला कथलाचा डाग दिला, कारण नुसती पिळलेली तार आपल्या रस्त्यांच्या धक्क्यांनी आठ दिवसांत सुटते. दांडीचं टोक माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं, म्हणून टोकावर रबरी गोळा बसवला. मागं बसणाऱ्या ताईंचा पदर अडकू नये म्हणून दांडी डाव्या कोपऱ्यात घेतली.

स्कूटीवर हेच करून चालत नाही. तिचं अंग प्लॅस्टिकचं, तळी मिळत नाही. ज्यांच्याकडे स्कूटी आहे त्यांनी दांडीच्या बुडाशी पावणेदोन हाताच्या तीन-चार तारा जाळीला जोडून आडव्या पसरल्या, तर त्या तळीचं काम करतात. पण चालत्या गाडीवर लोंबत्या तारा नकोत. त्यापेक्षा पुढं सांगते तो बांबूचा अँटेना बरा.

इंजिनाच्या ठिणगीचा आवाज ही आणखी एक गोष्ट. स्पार्क प्लगमधली प्रत्येक ठिणगी स्वतः एक छोटं प्रक्षेपण करते. एफएमवर त्याचा त्रास कमी होतो, पण स्टेशन लांबचं असेल तर टरटर ऐकू येते. प्लगची टोपी रोध असलेली बसवली की बरीच कमी होते. मोबाइल चार्ज करायचा स्वस्तातला सॉकेट गाडीला लावलेला असेल तर तो आधी काढून बघा. पुष्कळदा खरा त्रास तोच देतो. चालत्या गाडीवर आम्ही रेडिओ लावतच नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक चालू असते, मागचा हॉर्न ऐकू येणं जास्त गरजेचं. गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि मग ऐकायचं. फक्त बॅटरीवर लक्ष ठेवायचं. मोटारसायकलची बॅटरी लहान असते. तासाभराच्या वर स्टिरिओ चालवला तर परतीला सेल्फ लागणार नाही, आणि पुष्कळ नव्या गाड्यांना किक नसते. आम्ही बॅटरीच्या तारेत फ्यूज बसवून घेतला आहे आणि अर्ध्या तासाचा नियम पाळतो.

आता बांबू. उभ्या गाडीला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला, आणि हा तुम्ही घरीही करू शकता. पावणेदोन हाताचे दोन तुकडे घ्यायचे. तांब्याची जुनी वायर चालते. माळ्यावर दूरदर्शनच्या काळातला जुना अँटेना पडला असेल तर त्याच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून घेतल्या तर फारच छान. दोन्ही तुकडे एका लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर एका रेषेत बसवायचे, मधे बोटभर जागा सोडायची. डिशच्या केबलची मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्या तुकड्याला. इथं दुसरा तुकडाच तळीचं काम करतो, म्हणून लोखंडाची गरज नाही. डिशची केबल या अँटेनाला अगदी मापात बसते, दोघांचा रोध ७५ ओहमच्या आसपास. पट्टी वीस फुटी बांबूच्या टोकाला बांधायची. आधी तुकडे उभे ठेवून ऐकायचं, मग आडवे ठेवून, मग बांबू थोडा थोडा फिरवून. जिथं स्वच्छ येईल तिथं खूण करायची. केबलचं दुसरं टोक स्टिरिओच्या अँटेनाच्या खोबणीत. हातातला रेडिओ असेल तर मधली तार दांडीला चिमट्यानं लावली तरी भागतं. पत्र्याच्या घरात हा फरक सगळ्यात जास्त कळतो, कारण पत्रा लहर आत येऊच देत नाही. अँटेना पत्र्याच्या वर गेला की काम झालं.

मोबाइलमध्ये एफएम असेल तर हेडफोनची वायर हाच त्याचा अँटेना असतो. वायर गोळा करून ठेवली की आवाज गेला. ती सरळ लोंबू द्यायची. आकाशवाणी पुणे ७९२ वर मध्यम लहरींवर लागतं, तिथं मात्र दांडी ओढून काही होत नाही. तो अँटेना रेडिओच्या पोटात असतो, काळ्या कांडीवर गुंडाळलेला. तिथं रेडिओच हळूहळू फिरवायचा. घराघरातल्या आजोबांना हे बरोबर ठाऊक असतं, बातम्यांच्या वेळी रेडिओ कुठल्या कोनात ठेवायचा ते.

खर्चाबद्दल बोलायला हवं, कारण ग्रामसंघाच्या बैठकीत खरा वाद तिथंच झाला. कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, "गटाचा पैसा तारंवर का घालायचा? त्यापेक्षा एका बाईला शेळीला द्या." त्यांचं म्हणणं आम्हाला चुकीचं वाटलं नाही. गटाच्या पैशाला असा पहारेकरी हवाच. शेवटी असं ठरलं, की स्टिरिओ जुना घ्यायचा, तार आणि बांबू गावानं द्यायचा, गटाच्या खात्यातून फक्त केबल, फ्यूज आणि दुरुस्तीवाल्या दादांची मजुरी. सगळं मिळून गटाचे हजार रुपयेही गेले नाहीत. ठराव लिहिला, सह्या झाल्या. तरीही पहिल्या ऐकण्याला कोषाध्यक्ष ताई मुद्दाम आल्या, पैसे वाया गेले की काय ते बघायला.

ते ऐकणं लासुर्ण्याला ठेवलं होतं. रेडिओ केंद्राला विनंती करून शेळीपालनाचं तेच बोलणं पुन्हा लावून घेतलं. बांबू उभा केला, दोन पोरांनी धरला. थोडी खरखर होतीच मागं, पण शब्द न् शब्द कळत होता. सासूबाई पुढं सरकून बसल्या. बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "बाजाराचं सांगितलं ते बरूबर, पर लशीचा महिना तू मला कवा सांगितला न्हाईस." त्यावर जी चर्चा झाली ती पाऊण तास चालली, आणि बॅटरीचा नियम मोडला म्हणून आम्हालाच गाडी ढकलावी लागली.

आता कुठवर पोचलो ते खरं सांगतो. लासुर्णे आणि जंक्शनला बांबू लावून स्वच्छ येतं. अंथुर्ण्याला उंचवट्यावर गाडी लावली तर येतं, गावठाणात येत-जात राहतं. निमगाव केतकीला येत नाही. तिथं कितीही तार बांधली तरी शंभर वॅटची लहर पुरत नाही, आणि आम्ही तसं कुणाला आश्वासनही देत नाही. तिथल्या गटांसाठी कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेऊन जातो. स्टिरिओला ती खोबण असतेच. ताजी बातमी त्यात मिळत नाही, पण आपल्या बाईचं बोलणं तिच्या गावात ऐकू जातं.

ऐकण्याच्या अँटेनाला कुणी अडवत नाही. बोलण्याच्या रेडिओचं मात्र तसं नाही, आणि हे नीट ऐका, कारण वारीच्या आधी हा विषय दरवर्षी निघतो. पालखीच्या वेळी आपले गट पाण्याची, पायाला तेल लावण्याची, चुकलेल्या माणसांना बसवून ठेवण्याची सेवा करतात. बेलवाडीला रिंगणाच्या दिवशी इतकी गर्दी असते की मोबाइल लागत नाही. मग कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यात येतं, ऑनलाइन वॉकीटॉकी मागवू, गाडीला मोठा अँटेना लावू. मुलाची कल्पना चांगली आहे, पण कायदा असा आहे. आपल्या देशातही २००५ पासून सीबीचा पट्टा विनापरवाना खुला आहे, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ताकद ५ वॅटपर्यंत. पण ही सूट ज्याचा अँटेना आतच बसवलेला आहे अशाच यंत्राला आहे. म्हणजे अमेरिकेतल्या गोल्डविंगवाल्यासारखी बाहेरून लांब दांडी जोडली, की यंत्र सुटीच्या बाहेर गेलं. दुसरा एक छोटा पट्टा २०१८ च्या नियमांनी कमी ताकदीच्या यंत्रांसाठी मोकळा केला आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. यंत्राला सरकारी मान्यता लागते. ऑनलाइन मिळणारे पुष्कळ वॉकीटॉकी यात बसत नाहीत. ते पोलिसांच्या, रुग्णवाहिकांच्या किंवा आणखी कुणाच्या पट्ट्यात घुसू शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं यावरून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसाही काढल्या. स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, आणि घेण्याआधी खोक्यावर फ्रिक्वेन्सी कुठली लिहिली आहे ते वाचा.

ज्यांना खरोखरच बोलायचा रेडिओ शिकायचा आहे त्यांच्यासाठी हॅम रेडिओचा रस्ता आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळतो, स्वतःचं नाव म्हणजे कॉल साइन मिळते, आणि मग अँटेना घरी बनवायची, सुधारायची मोकळीक असते. वयाची अट बारा वर्षं पूर्ण, एवढीच. आपल्या मुलींना हे सांगा. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम रेडिओवाल्या बाई पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. हॉटेलात अँटेना लावून जगभरातल्या हौशी लोकांशी बोलायला त्या गेल्या होत्या. २६ तारखेला फोन बंद पडले. त्यांचा रेडिओ चालू होता. त्यांनी तिथून मुख्य भूमीशी संपर्क जोडला, आणि माणसं जिवंत आहेत की नाही हे घरच्यांना कळवण्याचं काम त्यांच्या रेडिओवरून चाललं. त्यांची कॉल साइन व्हीयू टू आरबीआय. आमच्यातल्या एका ताईची मुलगी आठवीत आहे, तिनं ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

शेवटी बांबूबद्दल काही सूचना. विजेच्या तारांखाली किंवा तारांजवळ बांबू उभा करायचा नाही. बांबू आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. ओला बांबू वापरू नका आणि लोखंडी पाइप तर मुळीच नको. वळवाच्या दिवसांत ढग काळे झाले, गडगडलं, की केबल आधी स्टिरिओतून काढायची, मग घरात जायचं, बांबू उतरवायला त्या वेळी बाहेर जायचं नाही. चालत्या गाडीवर बांबू आडवा बांधून नेताना मागच्या टोकाला लाल फडकं लावा.

पुढच्या महिन्यात आम्ही सणसर ते अंथुर्णे या पट्ट्यातल्या गावांत गाडी घेऊन येणार आहोत. ज्या ग्रामसंघाला हवं असेल त्यानं बैठकीत ठराव घेऊन आपल्या समन्वयक ताईकडे द्यावा. वीस फुटी सुका बांबू आणि पावणेदोन हाताचे दोन तुकडे तयार ठेवा, केबल आम्ही आणतो. आणि ज्यांनी रेडिओवर बोललंय पण अजून स्वतःचं ऐकलेलं नाही, त्यांनी आपलं नाव आणि बोलण्याचा विषय कळवावा, म्हणजे केंद्राला आधी सांगून ठेवता येईल.